टेलरच्या सिनेमातला बँकेवरचा दरोडा

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून वाइंडिंग करून देणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली ‘मोर्चा’ म्हणायची. नळाला पाणी नाही, चला कचेरीवर. दिवे गेले, चला कचेरीवर. एकदा तर घरातलं घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून तो घड्याळजीच्या दारात ठिय्या देऊन बसला, घोषणाबिषणा झाल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की किल्ली द्यायचं आपणच विसरलो. ही फजिती तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, हात उंचावून, भाषणासारखी. शाळा त्याने सोडली की शाळेने त्याला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "परस्पर संमतीने." पुढचं शिक्षण त्याने जुन्या वर्तमानपत्रांवर आणि पोलीस चौकीच्या बाकावर पुरं केलं होतं, आणि त्याचा त्याला कुठल्याही पदवीधरापेक्षा जास्त ताठा होता.

अशा माणसाला नाद लागला तो वेस्टर्न सिनेमांचा. घोडे, रुंद कडांच्या टोप्या, धुळीने भरलेलं गाव, गावात दारूचा गुत्ता आणि गुत्त्यात हमखास मोडणाऱ्या खुर्च्या. प्रत्येक सिनेमाबद्दल त्याची तक्रार एकच. "अख्खं गाव तिथं बसलंय, गुंड आहेत मोजून पाच, आणि हे दारं लावून घोड्यावरच्या एका माणसाची वाट बघतात! अरे, एक सभा तरी घ्या!" तक्रार करायचा आणि पुढचा सिनेमा बघायचा.

सुट्टीच्या दुपारी त्याच्या दुकानात शौकिनांची बैठक भरे. तांब्याच्या तारेची रिळं बाजूला सारायची, पोट उघडलेल्या मोटारींवर फळ्या टाकायच्या, की झालं सभागृह. आठवडाभरात सगळ्यांनी एकच सिनेमा आपापल्या घरी बघायचा आणि इथे येऊन मत द्यायचं. ज्याने सिनेमा सुचवला त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं, तोवर तोंडाला कुलूप. हा नियम खरं तर मोर्चासाठीच केलेला. तो स्वतःच्या निवडीवर दुसऱ्याला तोंडच उघडू द्यायचा नाही.

एके काळी बसायला फळ्या पुरायच्या नाहीत. मग मोर्चाच्या जिभेपायी एकेक जण गळत गेला. "संघटना शुद्ध होतेय," तो म्हणायचा. शुद्ध होत होत उरले तिघं: बेकरीवाला, नर्सताई आणि टेलर. टेलर लहानपणापासूनचा दोस्त. मोर्चा तासभर बोलला तरी हा ओठांत टाचण्या धरून नुसता हुंकार भरायचा. गेल्या बैठकीत मात्र त्याने टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "यापुढे माझ्यावर ओरडलास ना, तर मी यायचा बंद. इथेही आणि घरीही." मोर्चा मोठ्याने हसला होता. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आणि आजचा सिनेमा टेलरने सुचवलेला. आयुष्यात पहिल्यांदाच.

बेकरीवाल्याने सुरुवात केली. "सिनेमा झकास. पण ती विधवा पाव कापते, तेव्हा चुरा पडला का एक तरी? लाकडाचा होता तो पाव. सांगून ठेवतो."

"मला तर भरून आलं," नर्सताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा जखम बांधायच्या आधी कुणीतरी हात धुतले."

मग मोर्चा उठला. आज आवाज चढवायचा नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. "टेलर, दोस्ता, सुरुवात एक नंबर. बाईची विहीर, जमीनदाराचं कुंपण, पाण्याचा प्रश्न. म्हटलं, वा! आता बाई लोक गोळा करणार. आणि ही बाई काय करते? तोंडाला रुमाल बांधून बँक लुटते!"

बेकरीवाल्याने नर्सताईंकडे बघितलं.

"कोण लुटते?" नर्सताईंनी विचारलं.

"ती विधवा. वर रेल्वेचा पूल उडवते. मग पाण्याचं काय झालं? प्रश्न गेला खड्ड्यात!"

"कुठली बँक?" टेलर म्हणाला.

"नियम! तू शेवटी बोलायचं."

"अरे, पण या सिनेमात बँकच नाहीये."

"मला सांगतोस? या डोळ्यांनी बघितलीय मी!" आवाज चढला तो चढलाच. फळीवरचा पाना खाली पडला. "तुला काय कळतो सिनेमा? तू आपली बटणं लाव!"

टेलर उठला. त्याने एक चप्पल पायात सरकवली.

तेवढ्यात मागच्या दारातून मोर्चाची बायको चहा घेऊन आली. "कशाला ओरडताय? तिकडे कुंपण घातलं आणि इकडे तुमचा डोळा लागला. सिनेमा संपला, मोबाइलने आपणहून दुसरा लावला. त्यातल्या बंदुकीने दचकून उठलात. ती बँकवाली वेगळी होती."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगत होते. ‘मध्ये बोलू नकोस’ म्हणालात."

बेकरीवाला चहा सांडेपर्यंत हसला. नर्सताईंनी पदर तोंडाला लावला. टेलर मात्र हसला नाही. तो दुसरी चप्पल शोधत होता.

मोर्चाच्या जिभेवर विनोद तयार होता. दोन सिनेमांची युती घडवून आणणारा पहिला प्रेक्षक, वगैरे. स्वतःवर हसवून निसटायची त्याची जुनी सवय. सगळे हसले असते, आणि त्या हसण्यात टेलर निघून गेला असता.

"चुकलं," तो म्हणाला.

"काय म्हणाला?" बेकरीवाल्याला ऐकूच गेलं नाही.

"चुकलं म्हणतोय!" मोर्चा खेकसला, आणि लगेच त्याने आवाज खाली आणला. "तुझा सिनेमा मी बघितलाच नाही, टेलर. झोपलो. आणि बटणांचं बोललो, ते बोलायला नको होतं."

"माफी मागतोयस की सभा घेतोयस?"

"मागतोय रे. येत नाही मला नीट." जरा थांबून त्याने विचारलं, "कुंपणानंतर काय होतं? तू सांग."

"तू मध्ये बोलशील."

"नाही बोलणार."

टेलरने पायातली चप्पल काढून ठेवली. मग फळीवर टेकला आणि सांगू लागला, सावकाश, एकेक टाका घालावा तसा. बाई रोज पहाटे जाऊन कुंपणाचा एक खांब उपटते. जमीनदाराची माणसं तो पुन्हा रोवतात. गाव खिडकीतून बघत राहतं. मग एका पहाटे ती खांबाला हात घालते, तर पलीकडच्या खांबाशी शेजारीण उभी. दुसऱ्या दिवशी लोहार येतो. मग त्याची म्हातारी आई.

मोर्चा अर्धा उठला. "अरे, म्हणजे लोक..." आणि त्याने स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला. कान लाल झाले होते, गुडघा थडथड उडत होता.

टेलर थांबला. "बोल. एवढं एक वाक्य बोलून घे, नाहीतर फुटशील."

मोर्चाने हात तोंडावरून काढला नाही. मान हलवली आणि दुसऱ्या हाताने खूण केली, पुढे सांग.