आमच्या ह्यांच्या डोक्यावरची लावणी

सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याचं डोकं लाल भोपळ्याएवढं झालं होतं, दोन्ही डोळे सुजून मिटले होते आणि ते मला विचारत होते, "अगं, उजाडलं का?"

उजाडून दोन तास झाले होते. ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं.

"नाही अजून," मी म्हणाले.

"मग कावळे कसले ओरडतायत?"

"पनवेलचे कावळे आहेत. त्यांना काही कळत नाही."

दुसरं काय सांगणार? त्या डोक्यावर जे काही झालं होतं ते मीच केलं होतं. माणूस आंधळा झाला तर जन्मभर हात धरून मलाच फिरवायचं होतं, आणि तेही बोलणी खात!

आता हे झालं कसं ते सांगते. ह्यांचं टक्कल लग्नाआधीच सुरू झालेलं. हे मला बघायला आले तेव्हा डोक्यावर टोपी होती. (टोपीखाली बघावं हे आमच्याकडे कुणाला सुचलं नाही. बैल घेताना मात्र दात मोजतात!) लग्नाला चार वर्षं झाली तोवर पुढचं सगळं साफ. वय तीस, पण दिसायचे पन्नाशीचे. माझं त्यात काही अडलं नव्हतं. पण एकदा उरणच्या एस.टी.त कंडक्टरनं ह्यांना विचारलं, "काय बाबा, लेकीला सासरी सोडायला चाललात?"

मी हसले. तिथंच चुकलं.

हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "मुंबईला डोक्यावर केस लावून देतात. ऑपरेशन करून. गिरणीत एकानं पेपरात वाचलंय." हे भाताच्या गिरणीत कारकून होते. तिथं भात कमी आणि बातम्या जास्त सडायच्या.

मी म्हटलं, आधी गावातला माणूस बघू. बाजारात एक म्हातारे हकीमसाहेब होते. त्यांनी ह्यांची टोपी काढली, डोकं बघितलं, टोपी परत घातली. मला म्हणाले, "बेटी, नवरा तंदुरुस्त आहे ना? दोन वेळ जेवतो ना? मग डोक्यावरच्या बालांचं काय घेऊन बसलीस?"

औषध नाही, पुडी नाही, काही नाही! औषध न देणारा हकीम कसला? मी त्यांना तिथंच यादीतून काढून टाकलं.

मग आम्ही मुंबईला गेलो. पहिला सर्जन मोठा नामांकित. तो म्हणाला, कानावरची केसांची पट्टी कापायची, फिरवायची आणि कपाळावर आणून शिवायची. मी विचारलं, "मग ते केस वाढणार कुठल्या दिशेनं?" तो म्हणाला, "थोडे आडवे." त्याचं स्वतःचं डोकं बघितलं तर ताटासारखं चकचकीत! मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं का नाही केलंत?" तो म्हणाला, "बाई, आपलं डोकं आपल्याला कापता येत नाही." ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

दुसरा सर्जन तरणा होता, परदेशात शिकून आलेला. त्याची पद्धत वेगळी. मागच्या दाट केसांतून डाळीएवढे गोल तुकडे मुळासकट काढायचे आणि पुढे भोकं पाडून त्यात बसवायचे.

"ओळीत बसवता?" मी विचारलं.

"हो, ओळीत."

"दोन रोपांत अंतर किती सोडता?"

डॉक्टरनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. लावणीला जाते."

जन्मापासून मी भाताची लावणी केलेली. कोणता हात सरळ ओळ धरेल ते मला बोटं बघून कळतं. ह्याची बोटं बारीक आणि चपळ होती. मी ह्यांना म्हटलं, "हाच. हा रोप मोडणार नाही." झाली निवड! डॉक्टर म्हणाला, "पुढच्या सोमवारी या. येताना जागा नीट तयार करून आणा."

जागा तयार करून आणा! हेच ते शब्द. आम्ही दोघांनी माना हलवल्या आणि घरी आलो.

घरी सासरे वाट बघत बसलेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. जन्म शेतात गेलेला, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते आधी शेतात नेऊन बघायचे. हे त्यांना सगळं समजावून सांगायला लागले. आबा म्हणाले, "म्हंजे लावनीच की रं! मंग जमीन भाजली काय?"

"आबा, डोकं आहे ते. शेत नाही."

"भाजल्याबिगर रोप धरलंय कंदी? आन तुजी जमीन तर खारी! गवत पन नाय उगवत तिच्यात!"

"डॉक्टरनं तसं काही सांगितलेलं नाही."

"सांगितलंय," मी म्हणाले. "जागा तयार करून आणा म्हणाला."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बग! सूनबायला कललं. तुला नाय कललं!"

सासऱ्यानं शहाणी म्हटलं की सुनेच्या अंगात येतं. माझ्या तर लगेच आलं. आमच्याकडे रोपं काढायची ती जागा पेरणीआधी पालापाचोळा घालून भाजतात, त्याला राब म्हणतात. आता डोक्यावर पालापाचोळा पेटवता येत नाही एवढं मलाही कळत होतं. (आबांना कळत होतं की नाही ते मी विचारलं नाही.) पण विस्तवाशिवाय भाजणारी एक वस्तू मला ठाऊक होती. बिब्बा! माझी आजी डोक्यात चाई पडली की बिब्ब्याचं तेल लावायची आणि तिथं केस यायचे. ती सुईच्या टोकानं एक ठिपका लावायची. मी हिशेब केला, चाई चवलीच्या नाण्याएवढी तर एक ठिपका. इथं तर चांगली वीतभर जागा आहे. मग ठिपक्यानं काय होणार?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बिब्बे तापवले, तेल काढलं, त्यात खोबरेल मिसळलं आणि कापसाच्या बोळ्यानं कपाळापासून शेंडीपर्यंत सारवून काढलं.

"कसं वाटतंय?"

"थोडं गरम," हे म्हणाले.

"धरतंय!" आबा म्हणाले.

संध्याकाळी खाज सुटली. आबा म्हणाले, "मुलं फुटायला लागली." (म्हणजे मुळं!) आणि सकाळी तो भोपळा!

मुंबईची एस.टी. गेली उडत. मी लुगडं भिजवून ह्यांच्या डोक्याला गुंडाळलं, टांगा आणवला आणि निघाले हकीमसाहेबांकडे. दुसरं कुणी सुचलंच नाही. पुढे आबा बसले. बाजारात टांगा हळू झाला तसा किराणावाला ओट्यावरून ओरडला, "आबा, दामूला काय झालं हो?"

"लावनी!" आबा म्हणाले.

"काय?"

"लावनीपायी झालं!"

किराणावाल्यानं जीभ चावली. टांगा हकीमाच्या गल्लीत वळायच्या आत अख्ख्या बाजाराला ठाऊक झालं होतं की गिरणीतला दामू रविवारी तमाशाला गेला होता, तिथं लावणी ऐन रंगात असताना मारामारी झाली आणि कुणीतरी त्याचं डोकं फोडलं. दोघी बायका तर टांग्याबरोबर चालत माझं सांत्वन करायला लागल्या! "सोडू नको हो त्याला, पुरुषाची जात अशीच." लुगड्याच्या आतून हे ओरडले, "मी कुठंही गेलो नव्हतो!" त्यावर एकीनं दुसरीला सांगितलं, "सगळे असंच म्हणतात."

हकीमसाहेबांनी लुगडं सोडलं.

"काय लावलंस?"

"खोबरेल," मी म्हणाले.

"बिब्बा!" हे ओरडले.

"किती?"

"चार," मी म्हणाले.

"चार ठिपके? या खुदा!"

"चार बिब्बे."

हकीमसाहेब खाली बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, तेल डोळ्यांत उतरलं असेल तर माझ्या हातात काही नाही."

आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी दाराशी, ह्यांच्या समोरच उभी. हकीमसाहेबांनी हात धुतले, ओल्या फडक्यानं ह्यांच्या पापण्या पुसल्या आणि दोन बोटांनी उजवी पापणी हळूच उचलली.

"काय दिसतं?"

टांग्याचा घोडा बाहेर पाय आपटत होता.

"दामू, काय दिसतं?"

"बांगड्या," हे म्हणाले. "हिरव्या. डाव्या हातात एक कमी आहे."

(ती बिब्बे फोडताना फुटली होती.) मग डावी पापणी. त्या डोळ्यालाही बांगड्या दिसल्या. मी तिथंच दारात बसले. बसल्याबसल्या मला हसू आलं आणि काही केल्या थांबेना. आबांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "डोलं हायत ना? मंग केसांचं मरूं दे!"

हकीमसाहेबांनी नारळाचं दूध लावायला सांगितलं आणि तीळ-खोबरं खायला. ह्या वेळी दोन पुड्याही दिल्या. सूज उतरायला तीन दिवस लागले, खपल्या जायला महिना. त्यानंतर आम्ही त्या तरण्या सर्जनला तोंड दाखवायला गेलो. त्यानं डोकं बघितलं आणि खुर्चीतून उठलाच. "हे काय?"

"जागा तयार करून आणली," मी म्हणाले.

"अहो बाई, मी केस बारीक कापून, साबणानं धुऊन आणा म्हणत होतो!"

मग तसं बोलायचं ना! हे मात्र टोपी घालून आधीच जिन्यापर्यंत पोचले होते.

तर त्या लावणीतून माझा नवरा जिवंत वाचला, दोन्ही डोळ्यांनिशी, आणि पुढं चाळीस वर्षं टकलासकट जगला. मीही वाचले. पण ते माझ्या हुशारीनं नव्हे, पहिले तीन दिवस मी कुठल्या खोलीत आहे तेच त्यांना दिसत नव्हतं म्हणून!