गुन्हेगार पळालाच नाही

इंग्रजीच्या बाईंना मुलं ‘थांबाबाई’ म्हणत. वर्गात दाखवलेला सिनेमा ऐन रंगात आला की त्या तो थांबवत आणि विचारत, “याच्या जागी तू असतास तर?”

वर्षअखेर त्यांनी नववीचं इंग्रजी नाटक बसवलं. त्यात ड्रायव्हर सायकलवाल्याला धडकून पळतो आणि तिसऱ्या अंकात पकडला जातो. प्रयोगात ड्रायव्हर झालेली मुलगी धडकेनंतर जागची हललीच नाही.

बाई विंगेतून कुजबुजल्या, “अगं, पळ की.”

“बाई, त्याला खरंच लागलंय,” ती इंग्रजी विसरून म्हणाली आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

नाटक पाच मिनिटांत आटोपलं. तिसऱ्या अंकासाठी काळा कोट चढवून बसलेला न्यायाधीश रडकुंडीला आला.

मुख्याध्यापकांनी विचारलं, “एवढंच?”

“एवढंच शिकवलं होतं,” बाई म्हणाल्या आणि पडदा ओढायला धावल्या.