आबांच्या हाडांतली दवंडी

माझे वडील बोरीत कोतवाल होते. हलगी वाजवत गावभर दवंडी देण्यात त्यांचा जन्म गेला. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर त्यांच्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या, की साधी सर्दीही जिवावर बेतली असती. डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं लिहून दिली आणि भेटायला येणाऱ्यांना सक्त मनाई केली. पेशी वाढल्या तरच सोमवारी पुढचा डोस मिळणार होता.

मी विज्ञानाची शिक्षिका, मला गप्प बसवेना. "आबा, हे औषध म्हणजे एक सायटोकाइन. आपल्या अंगातही ते तयार होतं. हाडांतल्या कच्च्या पेशींना ते निरोप देतं : वाढा, तयार व्हा, जंतूंशी लढायला निघा."

"मंग पाच सुया कशाला?"

"एका निरोपानं भागत नाही."

"खरं हाय," आबा म्हणाले. "एका दवंडीत कोन निघतंय घराभाईर? डाक्टर लय हुशार हाय."

लोकांना अडवणं मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे आमच्याकडे वैर धरण्यासारखंच. मी दाराला कडी लावली, तर खिडकीतून केळी आत आली. शेवटी वैतागून म्हटलं, "आबा, तुम्हीच सांगा ना लोकांना." मी चहा टाकायला वळले आणि मागे हलगी कडाडली.

खिडकीशी उभे राहून आबा ओरडत होते, "ऐका हो ऐका! कोतवालाला बघायला कुनी बी यायचं न्हाई हो!"

दवंडी म्हटल्यावर माणसं ऐकायला येणारच. ज्यांना आजाराची खबरही नव्हती, तेही आले. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी भडकले, तर शेजारचे काका म्हणाले, "आमी बघायला कुठं आलाव? ऐकायला आलाव." मागून कोणीतरी म्हणालं, नीट ऐकू न्हाई आलं, परत सांगा. आबांनी आनंदानं परत सांगितलं. मी अक्षरशः हातात झाडू घेऊन अंगण रिकामं केलं.

तिसऱ्या सुईनंतर त्यांची कंबर आणि मांड्या ठणकायला लागल्या. हाडांत पेशी जोरात वाढल्या की असं दुखतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आबा कळवळायचे आणि खूशही व्हायचे. "निघायलेत," म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं. ताप आहे का म्हणून दर तासाला मी त्यांच्या कपाळाला हात लावायचे.

रविवारी रक्ताचा रिपोर्ट आला. पेशी पुरेशा झाल्या होत्या. मी रडले.

"आता उद्या काय?" आबांनी विचारलं.

"उद्या केमो."

"अन् ह्या नव्या पेशी?"

खोटं बोलायला जमेना. "त्यातल्या पुष्कळ मरतील, आबा. मग पुन्हा सुया."

आबांचा चेहरा पडला. ते मांडी चोळत राहिले. मग कुणी ऐकू नये म्हणून आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पेशींना आत्ताच सांगू नको, माय."