नकाशांच्या पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा

माझ्या मावशीला सुटलेलं पान बघवत नाही. कुणाच्या घरी गेली आणि टेबलावर एखादं उसवलेलं पुस्तक दिसलं, की तिचं गप्पांतलं लक्षच उडतं. चहा येईपर्यंत हिने पिशवीतून दाभण काढलेलं असतं. पुस्तकबांधणीचं दुकान आमच्या आजोळी तीन पिढ्यांचं, आणि आता ते ती एकटी चालवते. लग्न का केलं नाहीस असं विचारलं तर म्हणते, आलेलं एकही स्थळ नीट शिवलेलं नव्हतं. राग तिच्या नाकावर असतो आणि खळ कोपरापर्यंत. एखादी गोष्ट मनात आली की शेंडी तुटो वा पारंबी तुटो, ती करूनच ती स्वस्थ बसते.

त्या वर्षी चौकात लढाईत गेलेल्यांच्या नावांची भिंत उभी राहणार होती. मावशीच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं नाव यादीत नव्हतं. ते लढाईत मेले असं कधी कळलंच नाही. लष्कराकडून ‘बेपत्ता’ एवढाच कागद आला होता. बेपत्ता या शब्दाचा गल्लीने आपल्या सोयीने अर्थ लावला. त्यांचा मुलगा, म्हणजे मावशीचे वडील आणि माझे आजोबा, शाळेत होते तेव्हापासून म्हातारे होईपर्यंत पळपुट्याचा मुलगा म्हणून ओळखले गेले. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त. ते कधी उलटून बोलले नाहीत. मावशीला मात्र ते लहानपणापासून सलत होतं. भिंतीचं काम बघणाऱ्या लोकांनी तिला सांगितलं की बेपत्ता झाल्याच्या सुमाराचा काही पुरावा आणा, मग बघू. झालं, मावशीने जुन्या पत्रांची पिशवी खाली काढली आणि मला बोलावून घेतलं. माझे डोळे तरुण, अक्षर पुसट, असा सरळ हिशेब होता.

दुकानातल्या लांब मेजावर आम्ही पत्रं लावत होतो. तारखांवर बऱ्याच ठिकाणी लष्कराची काळी शाई फिरवलेली. तेव्हा मजकुरावरून क्रम लावायचा. पणजोबा आघाडीवरूनसुद्धा दुकान चालवत होते. खळीत मोरचूद घालायला विसरू नकोस, नाहीतर कसर लागेल. वकिलाचं काम आधी दे, तो वाट बघत नाही. पोराचे पुढचे दात आले का? मला हसू यायचं, पण प्रत्येक पत्रागणिक पिशवी हलकी होत होती. शेवटच्या पत्रात थंडीबद्दल दोन ओळी होत्या. ते बेपत्ता होण्याच्या बरंच आधीचं होतं. पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता.

मावशी उठून कपाटाकडे गेली आणि नकाशांचं मोठं पुस्तक घेऊन आली. ते लढाईच्या काळात पणजीने बांधलेलं, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही म्हणून राहिलेलं. आजोबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. आईच्या हातचं एवढंच उरलंय, म्हणायचे. मावशीने पुढच्या पुठ्ठ्यावर बोटांनी टकटक केली, मग मागच्यावर. मागचा घट्ट वाजला. पुढचा मधोमध पोकळ वाजला.

तिने मला समजावलं. लढाईत पुठ्ठा मिळत नव्हता. रद्दीचे थर खळीने चिकटवून पणजी घरीच पुठ्ठा करायची. थरांना सगळीकडून खळ लावावी लागते, नाहीतर पुठ्ठा वाकतो. इथे खळ फक्त कडेला होती. असं काम शिकाऊसुद्धा करणार नाही. पणजीने ते केलं असेल तर मुद्दाम केलं असेल. आत काहीतरी होतं.

मावशीने हे आजोबांना आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि त्यांनी एकच उत्तर दिलं होतं: झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांची भीती मला कळत होती. साधं पत्र असतं तर पणजीने पिशवीत ठेवलं असतं. लष्कराची माणसं घरी येऊन पत्र आलं का म्हणून विचारून गेली होती, हे आजोबांना आठवत होतं. लपवायची वेळ आली, म्हणजे ते बेपत्ता झाल्यानंतरचं असणार. आणि बेपत्ता माणूस पत्र लिहितो, म्हणजे तो पळालेला असतो. मावशीचं म्हणणं उलट: कशावरून? इस्पितळातून लिहिलं असेल, कैदेतून लिहिलं असेल. तिला नाव भिंतीवर हवं होतं आणि त्यासाठी ती काहीही मानायला तयार होती.

आजोबा आतल्या खोलीत दुपारचे झोपले होते. मावशीने ओलं फडकं पिळून पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर ठेवलं. तेवढ्यात दार वाजलं. आजोबा उभे होते, चष्मा न लावता.

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. ते भिंत धरत मेजापाशी आले, फडकं उचलून बाजूला टाकलं आणि स्टूल ओढून बसले.

“उघडणारच असशील तर ओलं करू नकोस,” ते म्हणाले. “शाई फुटेल. पातळ सुरी घे, कोरडी. कोपऱ्यातून शिर.”

मावशीची सुरी केसाकेसाने सरकत होती. मध्येच कागद करकरला की ती सुरी थांबवायची. आजोबा नुसत्या आवाजावरून सांगत होते, वर घे, आता थांब, आता हलक्या हाताने. शेवटी कडा सुटली. आत एकच कागद होता, चौघडी घातलेला.

मावशीने तो माझ्याकडे दिला. तारीख वर स्पष्ट होती. या कागदावर लष्कराची काळी शाई नव्हती, म्हणजे तो कुणाच्या तरी हाती गुपचूप आलेला. तारीख ते बेपत्ता झाल्यानंतरची होती. मी ती वाचली आणि मावशीने डोळे मिटले. पुढचं मी सरळ वाचून टाकलं:

“मी निघालो आहे. आता मला तिथे राहवत नाही. दिवसा येता येणार नाही आणि हाकही मारता येणार नाही. मागच्या दाराची कडी रात्री काढून ठेवत जा. पोराला यातलं काही सांगू नकोस, गल्लीत बोलून जाईल.”

मावशी खाली बघून म्हणाली की मग भिंतीवर नाव नकोच. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण माझी नजर आजोबांच्या चेहऱ्यावरून हटत नव्हती. त्यांनी कडीची ओळ मला परत वाचायला लावली.

मग ते सांगू लागले, अगदी सावकाश. लढाईवर जाताना वडील त्यांना म्हणाले होते, घर सांभाळ. आठ वर्षांच्या पोराने ते मनावर घेतलं. आई दिवसभर राबून लवकर झोपायची. हा उठून दारं तपासायचा. त्या हिवाळ्यात मागची कडी रोज उघडी दिसायची. आई विसरते असं समजून हा लावायचा, आणि पहाटे पाण्याला जाताना काढायचा.

“एका रात्री दार ढकललं कुणीतरी,” आजोबा म्हणाले. “थांबलं. परत ढकललं. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. सकाळी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, चोर आला होता, पण मी कडी लावली होती.”

आईने त्यांना मारलं. आयुष्यात एकदाच. मग जवळ घेऊन इतकी रडली की ते घाबरले. त्यांना वाटलं, चोराची भीती वाटली असेल. त्याच दिवशी तिने पक्कड घेऊन दाराची कडीच उपटून काढली. पण नंतर कुणी आलं नाही.

मावशी कशीबशी म्हणाली, “बाबा, तुम्ही लहान होतात.”

“ते तिला माहीत होतं. म्हणून तर तिने हे चिकटवून टाकलं. जाळवलं नसेल, वडिलांचं अक्षर होतं.” आजोबांनी उघड्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “लष्कराच्या माणसांपासून नव्हतं लपवलं तिने. माझ्यापासून लपवलं होतं.”

मावशी स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. तिला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

“मी उघडायला नको होतं,” ती म्हणाली.

“नको होतं,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.