सुनेच्या हातातलं केळं

मला सगळं अगदी जसंच्या तसं आठवतंय असं छातीठोक सांगणार नाही. हे दोन हजार चारचं की पाचचं, इथपासूनच शंका आहे. हरेशच्या अंगात निळा शर्ट होता असं मी म्हणतो, आमची सून म्हणते पिवळा. पण मी माती खाल्ली, आणि तीही टेबलावर चढून खाल्ली, याबद्दल मात्र दुमत नाही.

तेव्हा मी नुकताच कॉलेजातल्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. अंबरनाथ पूर्वेला आमचं घर. सून प्रज्ञा हिने बरी चाललेली नोकरी सोडून, हरेश नावाच्या सिंधी मित्राबरोबर कॉम्प्युटर गेम बनवायचा उद्योग सुरू केला होता. उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानावर एक खोली, खोलीत तीन कॉम्प्युटर. आणि पहिलंच मोठं काम परदेशातलं! प्राणिसंग्रहालयाचा गेम. खेळणाऱ्याने पिंजरे बांधायचे, प्राणी पाळायचे, लोक बघायला येणार.

घोडं अडलं माकडांपाशी.

"पप्पा, आमची माकडं फार सज्जन झालीत हो," प्रज्ञा एकदा जेवताना म्हणाली. "केळी टाकली की पंगतीला बसल्यासारखी एकेक उचलतात. क्लायंट म्हणतो, टोळीत कोण वरचा, कोण खालचा, ते दिसलंच पाहिजे. शुक्रवारपर्यंत नमुना पटला नाही तर काम दुसऱ्याला देणार."

"मग?"

"मग काय, घरात प्राणिशास्त्राचे डॉक्टर आहेत की!"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. मी डॉक्टर होतो, पण कशातला? माशांच्या कल्ल्यांत राहणाऱ्या कृमींतला! त्यांच्यात कसला आलाय मानपान? पण सून इतक्या विश्वासाने बघत होती, बायको भाकरी वाढायची थांबली होती... मी म्हणालो, "सोपं आहे. टोळीचा नायक दात दाखवतो, गुरगुरतो आणि दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घेतो."

कुठे वाचलं होतं मी हे? कुठेच नाही!

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत हजर. हरेशने कॅमेरा लावला. म्हणाला, "अंकल, आप करके दिखाओ. हम देख-देखके बनाएंगे."

"मी?"

"पप्पा, तुम्ही टेबलावर. नायक उंचावर बसतो ना?" प्रज्ञा म्हणाली. "मी खाली जमिनीवर बसते केळं घेऊन. तुम्ही यायचं आणि ओढून घ्यायचं. हरेश, तो पंखा बंद कर, कागद उडतायत."

चढलो बुवा टेबलावर. हातापायांवर उभा राहिलो. दात काढले. गुरगुरलोही. घसा साफ केल्यासारखा आवाज आला, पण आला. मग खाली उतरून केळ्यापाशी गेलो आणि... हात पुढे होईना!

तुम्हीच सांगा, जन्मभर ज्याने रेशनच्या रांगेत मागच्याला "तुम्ही घ्या आधी" म्हटलं, त्याने सुनेच्या हातातलं केळं कसं ओढायचं?

"तू खाल्लंस का गं सकाळपासून काही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कट!" हरेश ओरडला. "अंकल, केला छीनना है, हालचाल नहीं पूछना है!"

पुन्हा चढलो. या वेळी ओढलं, पण ओढता ओढता "सॉरी" म्हणालो. त्यानंतर ओढलं आणि अर्धं तिला परत दिलं.

"थोडा गुस्सा लाओ ना, साईं! किसी दुश्मन को याद करो!"

दुश्मन आणायचा कुठून? मला आमचे जुने प्राचार्य आठवले, तर दात मिटून मी हातच जोडले.

इकडे आमच्या चढउताराने खाली दुकानात धाडधाड आवाज जात होता. दुकानदार वर आला आणि त्याने दाराच्या काचेतून पाहिलं. काय दिसलं त्याला? धोतराच्या वयाचा एक माणूस पँटीत, टेबलावर ओणवा, दात विचकतोय, आणि सून बिचारी जमिनीवर अंग चोरून बसलीय! ही खोली प्रज्ञाच्या वडिलांच्या ओळखीने मिळालेली. त्याने तिथूनच त्यांना फोन लावला.

"गायकवाडजी, जल्दी आओ! आपकी बेटी के ससुरजी को कुछ हो गया है. लड़की को जमीन पे बिठाया है, खाने भी नहीं दे रहे!"

गायकवाड म्हणजे आमचे व्याही. फॅक्टरीत फोरमन म्हणून आयुष्य गेलेलं. आवाज असा की भोंगा नसता तरी पाळी सुटली असती. फोन ठेवला आणि सरळ रिक्षात बसले.

आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. आम्ही आपले केळ्याशी झुंजतोय. शेवटी प्रज्ञाचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "पप्पा, राहू द्या. तुम्ही दमलात." ते मात्र मला लागलं. या पोरीने नोकरी सोडली, आणि माझ्याच्याने एक केळं ओढवत नाही? मी डोळे मिटले, टेबलावरून खाली आलो, अशी काही डरकाळी फोडली की माझी मलाच भीती वाटली, आणि खसकन केळं हिसकावलं!

नेमकं तेव्हाच दार उघडलं.

"सर!" दारात गायकवाड. "माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढता?"

एरवी मुलाचा बाप म्हणून लग्नात मला पहिली खुर्ची मिळाली होती. पण ते लग्न होतं. इथे मी चार पायांवर होतो, आणि हातात चोरीचा माल! मी काय केलं माहितीये? सगळे दात दाखवून ओशाळं हसलो. खांदे पाडले. सरकत सरकत भिंतीला लागलो, टेबलाजवळची खुर्ची त्यांच्याकडे ढकलली, आणि केळं सोलून दोन्ही हातांनी पुढे केलं.

"जय भीम, गायकवाडसाहेब. घ्या ना."

ते संतापात खुर्चीवर बसले, आणि संतापातच केळं खाऊ लागले. माझ्याकडे बघत.

"रिकॉर्डिंग चालू है," हरेश पुटपुटला.

"चालूच ठेव!" प्रज्ञाचे डोळे लकाकले. "बाबा, मी ठीक आहे, सगळं नंतर सांगते. आत्ता बोलू नका, तसंच बघत रहा. पप्पा, तुम्ही त्यांच्या मागून जा, हळूच. हां, मान खाली. हरेश, डावीकडून घे."

फोरमन गप्प बसले. डॉक्टर मागून गेले. हरेश डावीकडे धावला.

संध्याकाळी चहा पिताना तिने समजावलं. "मारामारी नकोच होती, पप्पा. मी वाचत होते. जो खरा वरचढ असतो त्याला हिसकवावं लागत नाही, तो आला की बाकीचे आपणहून जागा सोडतात. आणि दात दाखवून गप्प राहणं हा धाक नाही, ती शरणागती. तुम्ही ते इतकं सुंदर केलंत! शिकवून येत नाही हे."

हे तिला आधीच माहीत होतं? मग मला सकाळपासून टेबलावर का चढवत होती? "तुम्ही इतक्या उत्साहाने सांगितलंत, मोडवेना," म्हणाली. सुनेच्या समजूतदारपणापुढे मी पुन्हा एकदा दात दाखवले.

नमुना पटला. काम मिळालं. आणि काय माकडं केली होती त्या पोरीने! एक जाडं, खुनशी डोळ्यांचं माकड नुसतं केळी ठेवलेल्या ओट्याकडे चालत येई, आणि एक हडकुळं माकड सगळे दात काढून, खांदे पाडून बाजूला होई. बायकोने पडद्याकडे बघताक्षणी विचारलं, "अहो, हे तुम्ही?"

मी आणि गायकवाड पुढे वर्षानुवर्षं यावर हुज्जत घालत राहिलो. ते म्हणायचे, टोळीचा राजा मीच. मी म्हणायचो, राजा असाल, पण केळं तुम्हाला माझ्या हातून मिळालं!

अलीकडे, बऱ्याच वर्षांनी, एकदाचं नीट पुस्तक आणून मी खात्री करून घेतली. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत नर वयात आले की टोळी सोडून जातात, दुसरीकडे जाऊन आपापसांत वरचा कोण अन् खालचा कोण ते ठरवत बसतात. टोळी असते माद्यांची. तिथला मान आईकडून लेकीकडे जातो, आणि तो कोणाचा, याबद्दल टोळीत कोणाला शंका नसते.