उंबऱ्यावरच्या मुंग्या

खोबऱ्यात गूळ कालवल्याचा वास आला, की अजूनही माझी नजर आधी उंबऱ्याकडे जाते. रजा संपून मी ऑफिसला जायला लागले, तेव्हा लेक नुकती रांगायला लागली होती. बाळानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला, की आमच्याकडे उंबऱ्यावर गूळखोबरं ठेवतात. रोज निघताना माझा पाय निघायचा नाही आणि सासूबाई म्हणायच्या, "उंबरा कुठे पळून जात नाहीये, तू नीघ." मीटिंगमध्ये छाती दुधानं भरून यायची, जीव थाऱ्यावर नसायचा, मी टेबलाखाली सारखा फोन बघायचे. एका संध्याकाळी धायरीच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन पोचले, तर सासूबाई दार उघडून बसलेल्या. "आलीस? बघ, बघ, ओलांडतेय!" लेक सराईतासारखी उंबरा ओलांडून माझ्या पायाशी आली. मी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात उंबऱ्याच्या फटीतून गुळाचे कण ओढून नेणाऱ्या मुंग्या दिसल्या. म्हणजे हे एकदा होऊन गेलं होतं. सासूबाईंनी ताजं गूळखोबरं आणून ठेवलं. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. परवा लेकीनंच विचारलं, "मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला, तेव्हा कुणी पाहिलं?" खोबरं खवता खवता, मान वर न करता सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईनं. मी तेव्हा आत होते."