होडी थांबली की नकाशातून गायब

नकाशावर होड्यांच्या रेघा रेवदंड्याच्या खाडीतून सरळ समुद्रात गेलेल्या. खाडीच्या तोंडाशी थांबलेली होडी एकही नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सर, काशिनाथभाऊंची होडी रोज इथेच असते. ट्रॅकर मीच बसवलाय."

"नॉइज निघाला असेल," आमचे लॅबप्रमुख सर मान न वळवता म्हणाले.

मी तेव्हा एका कॉलेजच्या सागरी लॅबमध्ये प्रोग्रॅमर होते. होड्यांवर जीपीएस लावायचा आणि कोण कुठे मासे धरतं त्याचा नकाशा करायचा, हे प्रोजेक्ट. खाडीच्या तोंडाशी जेट्टी बांधू द्यायची का, हे सरकारी सुनावणीत त्यावरून ठरणार होतं. ट्रॅकर बसवतानाच काशिनाथभाऊंनी विचारलं होतं, "ताई, ह्यो डबा उद्या आमच्यावरच न्हाय ना उलटणार?" मी छातीठोकपणे म्हटलं होतं, "मी आहे ना!"

बांधून ठेवलेल्या होडीचा जीपीएससुद्धा ठिपके पाठवत राहतो. तो कचरा, म्हणजे नॉइज, आम्ही काढतो. पण कोडमध्ये एक नवी ओळ होती: होडी हळू असेल तर पॉइंट काढा, मग ती कुठेही असो. अहो, जाळं टाकल्यावर होडी हळूच होणार ना! मासेमारीच साफ गेली, उरला जाण्यायेण्याचा रस्ता.

ओळ सरांच्या लॉगिनवरून आलेली. सरांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही.

"कोणी घातली?"

"त्या कन्सल्टंटने. स्टँडर्ड आहे म्हणाला."

"कोणाचा कन्सल्टंट?"

सर चष्मा पुसू लागले. "जेट्टीवाल्यांचा."

माझं डोकंच फिरलं. फक्त बंदरातले पॉइंट काढून मी नकाशा पुन्हा केला. खाडीचं तोंड ठिपक्यांनी काळं झालं.

"हाच पाठवा. नाहीतर रिपोर्टवरून माझं नाव काढा. का काढलं, ते मी सुनावणीत सांगेन."

"धमकी देतेस?"

"हो."

दोन्ही नकाशे पाठवल्याचं सरांनी सांगितलं. मी कशाला विश्वास ठेवतेय? अलिबागला सुनावणीला स्वतः गेले. काशिनाथभाऊ मागच्या रांगेत होते. रिपोर्टमध्ये दुसरा नकाशा शेवटच्या पानावर होता, खाली बारीक अक्षरात: 'प्रोग्रॅमरच्या आग्रहावरून'. हात झटकले होते सरांनी. संताप झाला नुसता.

पण सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडमनी नेमकी तीच ओळ वाचली. "आग्रह? कसला? प्रोग्रॅमर आल्यात का?"

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

जेट्टीची जागा फेरविचाराला गेली. माझं काँट्रॅक्ट काही वाढलं नाही. आता नव्या लॅबमध्ये कोणी नकाशा दाखवला की मी आधी विचारते, यातून काढलंय काय? ठेवलेलं सगळे आपणहून दाखवतात.